उक्तं की पगारी?

‘ताई, घरं आणि ऑफिसं रंगवून देण्याचा माझा धंदा आहे. पाचवं वर्ष चालू आहे. पगारी माणूस एकही नाही. तीन रंगारी टोळ्या आहेत, त्यांना कामं उक्ती देतो. मापं, कोटेशन, गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याकडे. हिशेब आणि फोन घरच्या बघतात. आजवर बरं चाललं होतं. यंदा एका टोळीने काम अर्ध्यात टाकलं, कारण दुसरीकडे मोठं काम मिळालं. दुसऱ्या टोळीच्या मुकादमाने माझ्याच गिऱ्हाइकाचं पुढचं काम परस्पर घेतलं. तीन घरांचे रंग सात-आठ महिन्यांत सुटले, ते पदरमोड करून पुन्हा करून दिले. मेव्हणा म्हणतो, चार माणसं पगारावर ठेव आणि मोकळा हो. हिशेब तपासणारे म्हणतात, पगाराच्या फंदात पडलात तर बुडाल. माझ्याकडे एक तरुण रंगारी आहे. दोन वर्षं जवळजवळ रोज येतो, हात चांगला आहे. त्याला कागदावर ठेकेदार ठेवून रोज बोलावलं, हजेरी घेतली, तर दोन्हीकडचा फायदा होईल का?’

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारल्यासारखा विचारला आहे आणि खरं पत्र त्याच्यासाठीच लिहिलं असावं असा मला संशय आहे.

नाही. तसं करू नका.

मी ते केलेलं आहे. माझं वह्या-पुस्तकं बांधण्याचं छोटं युनिट होतं तेव्हा एक कारागीर माझ्याकडे उक्त्यावर होता. म्हणजे मी तसं म्हणायचे. सकाळी नऊला यायचा, मशीन माझं, पुठ्ठा माझा, सरस माझा, कुठली वही आधी बांधायची ते मी सांगायचे. महिन्याच्या शेवटी तो बिल द्यायचा आणि मी पैसे द्यायचे. हे तीन वर्षं चाललं. मग एके दिवशी कटिंग मशीनवर त्याच्या बोटाची शीर तुटली आणि तो दोन महिने घरी बसला. विमा नव्हता, रजा नव्हती, काहीच नव्हतं, कारण तो ‘ठेकेदार’ होता. दवाखान्याचा खर्च मी केला. तो मोठेपणा नव्हता, पोटात गोळा आला होता म्हणून केला. त्या वेळी कागदपत्रं काढताना त्याचं बिलबुक हातात आलं. एक, दोन, तीन, चार… छत्तीस बिलं, छत्तिसावर छत्तीस माझ्याच नावाची. नंबर सलग होते. तीन वर्षांत त्याला दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. त्यातली निम्मी बिलं तर माझ्याच कारकुनाच्या अक्षरात होती. असा माणूस ठेकेदार नसतो हे कळायला मला वकील लागला नाही.

तुमच्या त्या तरुणाचं बिलबुक असेल तर आज उघडून बघा. नसेल, तर ते नसणं हेच उत्तर आहे.

कायदा देशोदेशी वेगळा, तेव्हा सही करण्याआधी तुमच्या भागातल्या जाणकाराला विचाराच. पण न्यायालयं काय बघतात ते बऱ्याच ठिकाणी मिळतंजुळतं आहे, आणि ती कागदावरच्या नावाला फारशी भुलत नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली रोजगाराच्या नात्याबद्दल १९८ क्रमांकाची शिफारस केली, तिच्यात अशा खुणा दिल्या आहेत: काम कुणाच्या सांगण्यावरून आणि देखरेखीखाली होतं, वेळ कोण ठरवतं, हत्यारं कुणाची, माणसाने स्वतःच यायला हवं का, पैसे ठरावीक मुदतीने मिळतात का, त्याची सगळी किंवा मुख्य कमाई इथूनच येते का, तोट्याची जोखीम तो घेतो का. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरच्या चालकांबद्दल निकाल दिला, तेव्हा करारात काय लिहिलंय तिथून सुरुवात न करता प्रत्यक्षात काय चालतं ते पाहिलं, आणि त्यांना किमान वेतन, पगारी रजा हे हक्क लागू केले. भारतात तर १९७३ सालीच एका शिवणकामाच्या दुकानाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. शिंपी नगावर पैसे घ्यायचे, येण्या-जाण्याचं बंधन फारसं नव्हतं. तरी मशीन दुकानाची होती, आणि शिवण पसंत पडली नाही तर ती उसवून पुन्हा शिवून घेण्याचा अधिकार मालकाकडे होता. ते नोकरच ठरले.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लावलेली कसोटी तर तुमच्यासारख्यांच्या झोपा उडवणारी आहे. तिथे माणूस नोकरच आहे असं धरूनच चालायचं; तो नाही हे काम देणाऱ्याने सिद्ध करायचं. आणि त्यातली एक अट अशी, की तो करतो ते काम तुमच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं हवं. रंगकामाच्या धंद्याने नळ दुरुस्तीला प्लंबर बोलावला तर ठीक. रोज रंगारीच बोलावला, तर मग तुमचा धंदा तरी काय उरला? पुढे तिथल्या कायद्याने काही व्यवसायांना वाट करून दिली, पण प्रश्न मनात ठेवण्यासारखा आहे.

तेव्हा ‘हजेरी घ्यायची पण नोकर म्हणायचं नाही’ हा मार्ग सोडा. त्यात तुमचा फायदा एवढाच, की काही होत नाही तोवर काही होत नाही.

आता मेव्हणा आणि हिशेबनीस. दोघंही निम्मे बरोबर आहेत, आणि दोघांनीही तुमचं वर्ष मोजलेलं नाही. एक गणित मांडते. त्यात रक्कम नाही, फक्त दिवस आहेत; रक्कम तुम्ही घाला.

वर्षाचे ३६५ दिवस. आठवड्याची एक सुट्टी काढली की ३१३ उरले. महिन्याचा पगार वर्षभर दिला, तर तो साधारण या ३१३ दिवसांचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, असं धरू. त्यावर मालकाचा भरणा (भविष्य निर्वाह निधी वगैरे), विमा, हत्यारं, कपडे, बूट, शिडी मिळून पाचवा हिस्सा धरला (हा माझा अंदाज, तुमचा आकडा तुम्ही काढा), तर खर्च झाला सुमारे ३७६ रोजांचा. आता काम किती दिवस? ३१३ मधून सणासुदीच्या, आजारपणाच्या, हक्काच्या रजा मिळून २५ काढा. राहिले २८८. त्यातले ज्या दिवशी तुमच्याकडे कामच नाही, गिऱ्हाईक चावी देत नाही, भिंत ओली आहे, रंगाचा डबा आला नाही, असे ४० दिवस काढा. २४८ उरले. ३७६ भागिले २४८, म्हणजे दीडपट. कामाच्या प्रत्येक दिवसाला तो पगारी माणूस तुम्हाला त्याच्या रोजाच्या दीडपट पडतो. ठेकेदार त्याच कामाला दीडपट मागत असेल, तर तो तुम्हाला लुबाडत नाही. तो फक्त स्वतःचे रिकामे दिवस स्वतः सोसतो आणि त्याची किंमत लावतो.

पण आता ते ४० बदलून बघा. तुमच्याकडे काम सलग असेल आणि रिकामे दिवस १० च असतील, तर आकडा १.३५ वर येतो. रिकामे दिवस १०० झाले, तर दुप्पट. बाकी सगळं तेच. पगार तोच, माणूस तोच, विमा तोच. एवढ्या सगळ्या वादात आकडा हलवणारी गोष्ट एकच आहे: तुमच्या डायरीतली कोरी पानं. म्हणून मेव्हण्याला आणि हिशेबनिसाला काही विचारण्याआधी गेल्या दोन वर्षांच्या डायऱ्या काढा आणि प्रत्येक दिवशी किमान किती रंगारी कामावर होते ते लिहा. सगळ्यात कमी कामाच्या तीन महिन्यांत जो आकडा सतत राहिला, तेवढीच माणसं पगारावर पेलतील. तो चार येणार नाही, याची मला जवळजवळ खात्री आहे. एक येईल. फार तर दोन.

आणि हो, पगार महिनाअखेरीला द्यावा लागतो, गिऱ्हाइकाने पैसे दिले तेव्हा नाही. ठेकेदाराला ‘पार्टीकडून आले की देतो’ म्हणता येतं (म्हणू नये, पण सगळे म्हणतात). पगारी माणसाला नाही. पहिला माणूस ठेवण्याआधी त्याचे तीन महिन्यांचे पगार बाजूला पडलेले असावेत, ही माझी अट. ते जमत नसेल तर अजून वेळ आहे.

हे झालं पैशाचं. पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ पैशाची नाही. तीन घरांचे रंग सात-आठ महिन्यांत सुटले, ही ती ओळ.

रंग सुटतो तो बहुतेक वेळा रंगामुळे सुटत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. जुना पोपडा नीट खरवडला नाही, ओल कुठून येते ते शोधलं नाही, पुट्टी वाळायच्या आत घासली, धूळ पुसली नाही, प्रायमर पातळ केला, नव्या गिलाव्याला चार आठवडे द्यायचे ते दिले नाहीत. हे सगळं रंगाच्या शेवटच्या हाताखाली झाकलं जातं. काम संपतं त्या दिवशी चांगली भिंत आणि वाईट भिंत सारखीच दिसते. गिऱ्हाईक खूश, तुम्ही खूश, टोळीला पैसे मिळाले, टोळी पुढच्या कामावर.

आता टोळीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. काम उक्तं घेतलंय, पैसे चौरस फुटावर आहेत. घासकामाला एक दिवस जास्त लावला तर तो दिवस टोळीच्या खिशातून जातो, आणि तो लावला की नाही हे कुणालाच दिसत नाही. दर ठरवतानाच तुम्ही त्यांना सांगितलंत की भराभर करा. ते लबाड आहेत म्हणून असं झालं असं समजून चौथी टोळी शोधायला निघू नका. चौथीही तेच करेल. उक्त्या कामात जे मोजलं जातं ते चोख होतं. जे मोजलं जात नाही त्यावरच वेळ वाचवला जातो. छतावर किती चौरस फूट झाले ते मोजता येतं. किती वेळ घासलं ते मोजता येत नाही.

म्हणून माझी वाटणी ‘माणसं की ठेकेदार’ अशी नाही. झाकलं जाणारं काम पगारी माणसाकडे, डोळ्यांना दिसणारं आणि फुटपट्टीत मावणारं काम उक्त्यावर. ओल तपासणं, खरवडणं, भेगा भरणं, प्रायमरपर्यंतची भिंत तयार करणं, आणि शेवटी टोळीच्या कामावर हात फिरवून बघणं, हे तुमच्या माणसाने करायचं. ज्याला उशीर झाला म्हणून पैसे कमी मिळत नाहीत, अशा माणसाने. वरचे दोन हात, बाहेरची मोठी भिंत, परांची लागणारं काम, घाईच्या महिन्यांतला लोंढा, हे टोळ्यांना. पॉलिश, वॉलपेपर, असलं खास कौशल्य तर बाहेरूनच आणा. वर्षातून सहा वेळा लागणाऱ्या हातासाठी बारा महिने पगार देण्यात शहाणपण नाही.

यातून गिऱ्हाईक पळवण्याचाही प्रश्न बराचसा सुटतो. मुकादमाने तुमचं काम परस्पर घेतलं याचा राग येणं साहजिक आहे, पण जरा विचार करा, पंधरा दिवस त्या घरात कोण होतं? तुम्ही मापं घ्यायला एकदा आणि पैसे घ्यायला एकदा. घरातल्यांनी सोफा कुठे सरकवायचा हे मुकादमाला विचारलं, आजोबांना वासाचा त्रास होतो हे मुकादमाला सांगितलं. त्यांच्या लेखी रंगारी तोच आणि मालकही तोच. करारात ‘आमचं गिऱ्हाईक घेणार नाही’ अशी ओळ लोक घालतात. अनेक देशांतली न्यायालयं अशा बंधनांकडे संशयाने बघतात, आणि टिकली तरी एका खोलीच्या कामासाठी तुम्ही कोर्टात जाणार आहात का? रोज सकाळी तुमचा माणूस तिथे हजर असला, तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी कुणाला फोन करायचा ते आपोआप ठरवतं.

हे असं का, याचं एक जुनं उत्तर आहे. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ साली एका निबंधात साधा प्रश्न विचारला होता: सगळं काम बाजारातून विकत घेता येतं, तर मग लोक कंपन्या कशाला काढतात, माणसं कशाला ठेवतात? त्याचं म्हणणं असं, की बाजारातून घेणं फुकट नसतं. माणूस शोधा, दर ठरवा, घासाघीस करा, दर वेळी नवा करार करा. हा खर्च माणूस ठेवून सांभाळण्यापेक्षा जास्त होतो तेव्हा ते काम आत येतं. त्याला १९९१ मध्ये नोबेल मिळालं. तुमच्या धंद्यात हा खर्च म्हणजे टोळीला केलेले फोन, ‘उद्या नक्की’ची वाट बघणं, दुसऱ्या टोळीला समजावणं, आणि ती तीन घरं पुन्हा रंगवणं. तुम्ही तो कुठल्याच वहीत लिहिलेला नाही, म्हणून ठेकेदारी स्वस्त वाटते. महिनाभर लिहून बघा. फोनसुद्धा.

टोळ्या राहणारच आहेत, तेव्हा त्यांच्याशी व्यवहार जरा सुधारा. तोंडी उक्तं बंद. एक पान पुरे: कुठल्या खोल्या, किती हात, कुठल्या कंपनीचा कुठला रंग, सामान कुणाचं, कधी सुरू आणि कधी संपणार, आणि काम मान्य झालं हे कोण म्हणणार. पैसे टप्प्यांत द्या. सुरुवातीची उचल छोटी, कारण मोठी उचल घेतलेली टोळीच काम अर्ध्यात टाकून जाते. तिचं तिथे अडकलेलं काही नसतं. शेवटची थोडी रक्कम दोन-तीन महिने राखून ठेवा, पण आधी सांगून, आणि मुदत संपली की मागायच्या आत द्या. वेळेवर पैसे देणारा मालक ही टोळ्यांच्या जगात दुर्मीळ गोष्ट आहे. मोठं काम आलं तरी टोळी तुमचं आधी संपवेल ती याच कारणाने. शिडीवर चढायच्या आधी त्यांच्या माणसांच्या विम्याचा कागद डोळ्यांनी बघा. ‘आहे साहेब’ चालत नाही. मुकादमाचा पोऱ्या पडला तर कायदा तुमच्या दारात येतो की नाही हे देशागणिक बदलतं, पण तो पोऱ्या तुमच्याच कामावर पडलेला असतो.

आता त्या तरुणाकडे येऊ.

तुम्ही त्याच्याबद्दल तीन वाक्यं लिहिली आहेत आणि त्याला काय हवंय ते एकातही नाही. आधी ते विचारा. चहा पिताना उभ्या उभ्या नको, जरा बसून. एक शक्यता अशी, की त्याला नोकरी हवी आहे. मग तीन महिन्यांची परीक्षा ठरवून रीतसर पत्र द्या, त्यात पगार, वेळ, रजा, काम काय ते लिहा. महिन्याचा पगार ऐकून त्याचा चेहरा पडेल, कारण भरल्या महिन्यात त्याला रोजाने जास्त सुटत असणार. तेव्हा त्याच्यासमोर त्याचंच वर्ष मांडा: किती खाडे झाले, किती दिवस काम नव्हतं, आजारी पडला तेव्हा काय मिळालं. वर्षाचा आकडा काढला की बोलणं सोपं होतं. आणि काढल्यावर पगार खरंच कमी निघाला, तर तो वाढवा. समजावत बसू नका.

दुसरी शक्यता, त्याला उद्या स्वतःची टोळी उभी करायची आहे. चांगल्या हाताच्या माणसाला बहुधा तेच हवं असतं. मग त्याला खरा ठेकेदार होऊ द्या. हत्यारं त्याची, दर तो सांगेल, स्वतः येईल किंवा दुसऱ्याला पाठवेल, इतरांचीही कामं घेईल, आणि काम बिघडलं तर स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करेल. तुम्हाला त्याला सकाळी नऊला बोलावता येणार नाही. याने तुमचा जीव कासावीस होत असेल, तर तुम्हाला नोकर हवा आहे आणि तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी नोकरीवर ठेवायला हवं.

त्याला लगेच ‘सुपरवायझर’ मात्र करू नका. काल ज्या मुकादमाच्या हाताखाली पुट्टी भरली, त्यालाच आज ‘ही भिंत पुन्हा घासा’ म्हणायचं, हे पंचवीस वर्षांच्या पोराला जड जातं. पहिले काही महिने तो टोळी यायच्या आत भिंत तयार करून ठेवेल, आणि टोळीच्या कामाला हो-नाही तुम्ही स्वतः म्हणाल. मग हळूहळू ते त्याच्याकडे सरकवा. टोळीतले लोक त्याला टोमणे मारतील की आमचा रोज तुझ्यापेक्षा जास्त. त्याला ते आधीच सांगून ठेवा.

आणखी एक. हिशेब आणि फोन ‘घरच्या बघतात’ असं तुम्ही अर्ध्या ओळीत लिहून पुढे गेलात. वर मी जे गणित मांडलं, त्यात त्यांचे तास कुठेच नाहीत. तुमच्याही वहीत नसणार. टोळीची वाट बघत गिऱ्हाइकाची बोलणी कोण खातं, ‘आज येतायत हो’ असं दिवसातून चार वेळा कोण सांगतं, बिलं कोण लावतं? आठवडाभर त्यांचे तास लिहून काढा आणि त्याला बाहेरच्या माणसाचा दर लावा. मग कदाचित असं दिसेल, की तुमच्या धंद्यात एक माणूस पाच वर्षं कामावर आहेच, बिनपगारी. पगारपत्रकातलं पहिलं नाव त्यांचं टाका आणि त्या तरुणाचं दुसरं. या महिन्यात एकाचाच पगार निघत असेल, तर कुणाचा थांबवायचा हे मी सांगणार नाही. ते घरी विचारून ठरवा, आणि मला कळवा.